घरांना गेलेल्या तड्यांचे कारण मोजून ठरवण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, जळगाव
मार्फत : मा. उपविभागीय अधिकारी, चाळीसगाव

विषय : चाळीसगाव तालुक्याच्या दक्षिण भागातील घरांना पडलेले तडे दगडखाणीतील सुरुंगांमुळे की जमिनीतील पाण्यामुळे, याची तांत्रिक चौकशी करण्याबाबत.

महोदय,

आम्ही सातमाळा डोंगरपायथ्याच्या वस्तीत राहणारे शेतकरी आणि शेतमजूर आहोत. आमच्या बऱ्याच घरांच्या भिंती फाटल्या आहेत. काही तडे जोत्यापासून निघून खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत तिरके चढतात, काही लिंटेलवरून आडवे धावतात. पोरे त्याच भिंतीला डोके लावून निजतात, त्यामुळे सुरुंगाचा हादरा आला की घरातली माणसे आधी छताकडे पाहतात.

वस्तीजवळच्या दगडखाणीवर विचारले की पुराचे नाव घेतले जाते. पुराच्या मदतीसाठी गेलो की तडे जुने आहेत, असे सांगून परत पाठवले जाते. या टोलवाटोलवीत वर्षे गेली. कारण कोणीच मोजले नाही, म्हणून जबाबदारीही कोणावर आली नाही.

दोन्ही शंकांना आधार आहे, हे आम्ही प्रामाणिकपणे मान्य करतो. ऑगस्ट 2021 च्या अखेरीस डोंगरात झालेल्या अतिवृष्टीने तितूर आणि डोंगरी नद्यांना महापूर आला आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या. तेव्हा आमच्याही वस्तीत पाणी शिरले आणि पायाखाली मुरले. आमची जमीन काळी. ती पाणी प्याली की फुगते आणि वैशाखात भेगाळून आकसते. वरचे घर जितके हलके आणि पाया जितका उथळ, तितकी ही उलथापालथ भिंतीत जास्त दिसते. घरकुल योजनेच्या 1 लाख 20 हजार रुपयांत बांधलेल्या घराला मुरुमापर्यंत पाया नेणे परवडत नाही. जुन्या धाब्याच्या घरांत छताचा भार लाकडी खांब-तुळयांवर असतो. भिंत थोडी हलली तरी छत तग धरते. नव्या विटांच्या घरांना तेवढीही सवलत नाही.

पण म्हणून खाणीवरचा संशय फिटत नाही. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या 1997 च्या परिपत्रकानुसार, खाणमालकाच्या मालकीच्या नसलेल्या राहत्या घरापाशी स्फोटाचे कंपन 8 हर्ट्झपेक्षा कमी वारंवारितेला सेकंदाला 5 मिलिमीटर, 8 ते 25 हर्ट्झला 10 आणि त्यापुढे 15 मिलिमीटरच्या आत राहिले पाहिजे. आमच्या घरापाशी असे कंपन कधी कोणी मोजल्याचे आम्ही पाहिलेले नाही. शिवाय खाण खोल गेली की तिच्यात पाझरलेले पाणी पंपाने उपसावे लागते. त्या उपशाने आजूबाजूच्या विहिरींची पातळी उतरते आणि पायाखालची काळी माती अवेळी सुकते. म्हणजे ज्याला आपण पाण्याचा प्रश्न म्हणतो, त्याचे मूळही खाणीत असू शकते. चौकशीत हा धागा सुटू नये.

यातला फरक ओळखता येतो. मातीच्या हालचालीने पडलेली भेग उन्हाळ्यात रुंदावते आणि पावसाळ्यात मिटत येते. कंपनाचा परिणाम पाहायचा तर सुरुंगाची वेळ, बारूदाचे प्रमाण आणि घरापाशी नोंदलेला हादरा एकमेकांशी ताडून पाहावा लागतो. दुरून पाहून, एका भेटीत, यातले काहीच ठरणार नाही.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी अशी की, घरांच्या तड्यांवर, ते हलतात का हे दाखवणाऱ्या काचपट्ट्या बसवून किमान एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्यांच्या नोंदी घ्याव्यात. सुरुंग उडवण्याच्या दिवशी घराच्या जोत्यापाशी कंपनमापक यंत्र ठेवावे आणि गावकऱ्यांसमक्ष वाचन घ्यावे. खाणीला आगाऊ कल्पना देऊन, त्या दिवशी मुद्दाम कमी बारूद भरून केलेली मोजणी आम्हाला मान्य होणार नाही. पायाशेजारी खड्डे घेऊन मातीची फुगण्याची क्षमता तपासावी. हे काम जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था करू शकेल. विहिरींच्या पातळीची पाहणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे द्यावी. खर्चाची अडचण असल्यास जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी वापरावा. खाणबाधितांसाठीच तो उभारला आहे.

सोबतच खाणपट्ट्याची हद्द, मंजूर खोली आणि प्रत्यक्ष उत्खनन यांची ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) यंत्राने मोजणी व्हावी. स्फोटकांच्या वापराची नोंदवही मागवून तिच्या प्रती आम्हाला द्याव्यात. मंजुरीपेक्षा जास्त उत्खनन आढळल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) प्रमाणे कारवाई करावी. मोजणी पूर्ण होईपर्यंत वस्तीजवळच्या भागात सुरुंग थांबवावेत. खाणीवर आणि खडी क्रशरवर आमच्याच गावातली माणसे रोजंदारी करतात, त्यामुळे सरसकट बंदी आम्ही मागत नाही. यंत्राने दगड फोडणे किंवा वस्तीपासून दूरच्या बाजूला काम नेणे शक्य आहे.

कारण निश्चित झाल्यावर भरपाईही त्यानुसार मिळावी. दोष खाणीचा ठरल्यास दुरुस्तीचा पूर्ण खर्च पट्टाधारकाकडून वसूल करून द्यावा. आपत्ती निवारणाच्या निकषातले अंशतः पडझडीचे काही हजार रुपये हातावर ठेवून प्रकरण मिटवू नये. दोष काळ्या मातीचा आणि पुराच्या पाण्याचा निघाल्यास तो आम्ही स्वीकारू. तेव्हा पाया बळकट करण्यास आणि घराभोवतीचे पाणी बाहेर काढणारी गटारे बांधण्यास मदत मिळावी. दोन्ही कारणे मिळून नुकसान झाले असेल, तर अहवालात प्रत्येकाचा वाटा लिहावा.

ज्या घरांच्या भिंती बाहेर झुकल्या आहेत, त्यांची पाहणी मात्र या साऱ्याची वाट न पाहता लगेच करावी. धोकादायक घरांतील कुटुंबांना पावसाळ्यापूर्वी शाळेच्या खोल्यांत किंवा समाजमंदिरात हलवावे आणि या निवेदनावर काय कार्यवाही केली, ते आम्हाला लेखी कळवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
डोंगरपायथ्याच्या वस्तीतील ग्रामस्थ, ता. चाळीसगाव, जि. जळगाव

प्रत माहितीसाठी : मा. तहसीलदार, चाळीसगाव, मा. जिल्हा खनिकर्म अधिकारी, जळगाव
सोबत : तडे गेलेल्या घरांची छायाचित्रे, सह्यांची यादी