घर-संसार : अळंबीसाठी पायपीट



गेल्या महिन्यात एका शनिवारी आमच्या वस्तीतल्या विहारात बैठक होती. विषय होता 'कुटुंबातील समता'. आम्ही अर्धा तास बोललो. टाळ्या पडल्या. रात्री साडेआठला घरी आलो तेव्हा आमच्या सहचारिणी नुकत्याच कामावरून आल्या होत्या. त्या तयार कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करतात आणि त्या दिवशी त्यांना जादा वेळ थांबावे लागले होते. खांद्यावरची पर्स अजून खांद्यावरच आणि हात तांदूळ धुण्यात. आम्ही चप्पल काढली, खुर्चीत बसलो आणि सवयीने विचारले, "जेवायला काय आहे?"

आमची कन्या कॉलेजात आहे. ती म्हणाली, "पप्पा, आत्ता विहारात तुम्ही कशावर बोलून आलात?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. सहचारिणी काही बोलल्या नाहीत, आणि ते जास्त लागले. शेवटी कन्येनेच निकाल दिला, "पुढच्या शनिवारी तुम्ही करायचं. वीस मिनिटांचं काम आहे. मश्रूमचा पास्ता. मी फक्त तोंडाने सांगणार, हात लावणार नाही." तो पास्ता तिने मैत्रिणीच्या घरी खाल्ला होता. त्यात सोया सॉस, आले, लसूण, कांद्याची पात. चीज नाही, टोमॅटोचा रस्सा नाही.

आम्ही हिशोबनीस माणूस, म्हणून आधी खर्च मांडला. चार माणसांना 300 ग्रॅम पास्ता पुरतो. अळंबीचे 200 ग्रॅमचे दोन पुडे. एक जुडी पातीचा कांदा, दहा-बारा पाकळ्या लसूण, बोटाच्या पेराएवढे आले, दोन हिरव्या मिरच्या, दोन मोठे चमचे सोया सॉस, एक चमचा लोणी, अर्धे लिंबू. बाहेर एका माणसाच्या ताटलीला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात, किंवा थोडे वर, चौघांचे होते. सोया सॉसची बाटली पुढे दोन महिने चालते.

पहिल्या शनिवारी आमची फजिती झाली. ती सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. अळंबीत दहा भागांत नऊ भाग पाणीच असते. आम्ही चारशे ग्रॅम अळंबी एकदम लहान कढईत लोटली, वर मीठ टाकले आणि झाकण ठेवले. मिठाने सगळे पाणी सुटले आणि अळंबी परतण्याऐवजी उकडू लागली. ते पाणी आटवता आटवता तिकडे पास्त्याची लापशी झाली. मग चव यावी म्हणून आमटीत चिंचेचे पाणी ओतावे तसा सोया सॉस ओतला. जेवण काळेकुट्ट आणि खारट. मुलाने दोन घास खाऊन फरसाणाचा डबा काढला. आमच्या सहचारिणींनी मात्र ताट संपवले. म्हणाल्या, "आयतं मिळालं, एवढंच पुष्कळ."

दुसऱ्या शनिवारी जमले. ते असे. अळंबी पाण्यात भिजत घालू नये. नळाखाली भरभर धुऊन लगेच कापडाने पुसावी. फार बारीक चिरू नये, कारण ती शिजून निम्मी होते. मोठ्या पातेल्यात तीन लिटर पाण्याला खळखळून उकळी आली की दोन लहान चमचे मीठ आणि पास्ता घालावा. पाकिटावर जितकी मिनिटे लिहिली असतील त्याच्या एक मिनिट आधी उतरावे. चाळणीत ओतण्यापूर्वी एक वाटी पाणी बाजूला काढून ठेवावे. आम्ही हे विसरणार होतो, कन्येने ओरडून आठवण केली. त्या पाण्यात पिठूळपणा असतो, त्यानेच शेवटी सगळे एकजीव होते.

पास्ता शिजतो तोवर दुसऱ्या शेगडीवर लोखंडी कढई चांगली तापवावी. चमचाभर तेलात अळंबी दोन-तीन वेळा थोडी थोडी करून मोठ्या आचेवर परतावी. मीठ नको, झाकण नको, सारखे ढवळणेही नको. कडा तांबूस झाल्या की काढून ठेवावी. त्याच कढईत लोणी, ठेचलेला लसूण, आले, मिरची आणि पातीचा पांढरा भाग घालावा. लसूण लाल होण्याआधी अळंबी परत टाकावी आणि सोया सॉस घालावा. मग पास्ता, आणि राखून ठेवलेले पाणी लागेल तसे. मिनिटभर हलवून खाली उतरवावे. वरून लिंबू, हिरवी पात, असल्यास भाजलेले तीळ. वरून मीठ अजिबात नको, सोया सॉसमध्ये ते भरपूर असते. ज्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी सॉस निम्माच घ्यावा. आणि अळंबी म्हणजे शाकाहाऱ्यांचे मटण, असे कोणी सांगितले तर मानू नये. तिच्यात शंभर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम प्रथिने असतात. मुलांना सोबत एकेक उकडलेले अंडे द्यावे.

हा प्रकार कोणा हॉटेलवाल्याची खिचडी असेल असा आमचा समज होता. पण जपानमध्ये तो घरोघरी होतो. टोकियोमध्ये 1950 च्या दशकात 'काबे नो आना' नावाचे स्पॅगेटीचे हॉटेल निघाले. तिथे इटलीच्या पास्त्याला जपानी चवी देण्यास सुरुवात झाली. अशा पास्त्याला तिकडे 'वाफू', म्हणजे जपानी धाटणीचा, म्हणतात. अळंबी, सोया सॉस आणि लोणी हे त्यातले नेहमीचे त्रिकूट. जपान आपल्याला परका नाही. भदन्त सुरेई ससाई तिथूनच नागपूरला आले.

जपानचा विषय निघालाच आहे, तर तिथल्या एका भिक्खूची हकीकत सांगतो. ती वाचल्यापासून आमच्या डोक्यातून जात नाही. 1223 साली दोगेन नावाचा तेविशीतला जपानी भिक्खू धम्माच्या शोधात चीनला गेला. जहाज बंदराला लागले होते, तो अजून जहाजावरच राहत होता. तिथे एकसष्ट वर्षांचा एक चिनी भिक्खू आला. तो एका मोठ्या मठाचा आचारी. दुसऱ्या दिवशी सण होता, भिक्खूसंघाला शेवयांचे सूप करून घालावे असे त्याच्या मनात होते, आणि कोठीत अळंबी नव्हती. जपानी जहाजावर वाळवलेली अळंबी मिळेल म्हणून हा म्हातारा पाच-सहा कोस पायी आला होता.

दोगेनने त्याला चहा दिला आणि रात्री राहण्याचा आग्रह केला. म्हातारा म्हणाला, मी नसलो तर उद्याचे जेवण नीट होणार नाही. दोगेनने विचारले, एवढ्या मोठ्या मठात दुसरे कोणी रांधणारे नाही का? या वयात ध्यान करायचे, ग्रंथ वाचायचे, ते सोडून चुलीपाशी कशाला शिणता? त्यावर म्हातारा मोठ्याने हसला आणि म्हणाला की, परदेशी मित्रा, साधना कशाला म्हणतात हे तुला अजून कळलेले नाही. आणि अळंबी घेऊन अंधार पडायच्या आत परत निघाला.

दोगेन ते विसरला नाही. पुढे तो जपानमधला मोठा आचार्य झाला. 1237 साली त्याने मठातल्या आचाऱ्यासाठी 'तेन्झो क्योकुन' नावाचा ग्रंथच लिहिला. त्यात तांदळातले खडे कसे निवडावे आणि धुताना एकही दाणा वाया कसा जाऊ देऊ नये, इथपर्यंत सांगितले आहे. आठशे वर्षांपूर्वीचा एक धर्मगुरू तांदूळ धुण्यावर लिहितो, आणि आम्ही समतेवर अर्धा तास बोलून खुर्चीत बसतो. तांदूळ धुणारे हात आम्हाला त्या रात्री दिसत होते. पण ते काम आहे, हे दिसत नव्हते.

अळंबी म्हटली की आपल्या माणसांना पावा नगरीचा चुंदही आठवतो. त्याने तथागतांना दिलेले सूकरमद्दव म्हणजे डुकराचे मांस की अळंबी, यावर विद्वानांचा वाद आहे. आम्ही त्यात पडत नाही. आमचे लक्ष वेगळीकडे जाते. जेवणानंतर तथागतांना असह्य वेदना झाल्या. तशाही स्थितीत त्यांनी आनंदाला बजावले की, चुंदाला कोणी दोष देऊ नये आणि त्याला स्वतःलाही खंत वाटू देऊ नये. आपल्याकडे आमटीत मीठ कमी पडले तरी ताटावरून उठणारे पुरुष आहेत. आम्हीही कधी काळी उठलो आहोत.

जाता जाता एक सूचना. आमची आई गावी पहिल्या पावसानंतर वारुळापाशी उगवलेली अळंबी टोपलीभर आणायची. तिला पारख होती, आम्हाला नाही. शहरात वाढलेल्यांनी रानातली छत्री हौसेने तोडून आणू नये. चांदीचे नाणे काळे पडते का, कांदा काळा होतो का, या परीक्षा खोट्या आहेत. काही जातींचे विष शिजवूनही जात नाही. काही विषारी अळंबीने उलट्या-जुलाब सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतात. मधे बरे वाटते आणि मग यकृत बिघडते. शंका आली तर उरलेला तुकडा बरोबर घेऊन तडक इस्पितळ गाठावे. बाजारातली बटण किंवा धिंगरी घ्यावी. धिंगरी थोडी स्वस्त मिळाली तर तीच घ्यावी, कारण ती सोया सॉसबरोबर जास्त चांगली लागते असे आमचे मत आहे.

आता शनिवार आमचा आहे. विहारातल्या बैठकीची वेळ आम्ही सहावरून पाचवर आणायला लावली. दोन कार्यकर्त्यांनी कारण विचारले. कारण सांगितल्यावर एक हसला. दुसऱ्याने सोया सॉस किती घालायचा ते लिहून घेतले. गेल्या शनिवारी सहचारिणी आल्या तेव्हा पाणी उकळत होते. त्या खुर्चीत बसल्या, पाय स्टुलावर ठेवले आणि म्हणाल्या, "जेवायला काय आहे?" कन्या हसत सुटली. आम्हाला मात्र लसणाकडे लक्ष द्यावे लागले, तो लाल व्हायला आला होता.