बरणीचं शहाणपण बाटलीला पुरत नाही

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला कधी काय भाव फुटेल, हे सांगणं अवघड. २०२३ च्या जुलैत किलोला शंभरी ओलांडलेला माल सप्टेंबरात कवडीमोल झाला. अशा पडत्या भावात निमगाव सावा परिसरातल्या एखाद्या घराला वाटावं की उरलेल्या मालाची प्युरी बाटल्यांत भरून ठेवू, तर ते रास्तच आहे. व्हिडिओ पाहून हे काम सोपंही वाटतं. तरी नवशिक्याने सुरुवात लोणच्यापासून करावी, टोमॅटोकडे मागाहून वळावं आणि मटार, गवार, मका पाण्यात भरून बाटलीबंद करण्याच्या वाटेला तर जाऊच नये, असं माझं मत आहे.

कारण लोणचं चुकलं तर दिसतं. कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की खार सुटतो. फोडी त्यात बुडालेल्या राहिल्या तर टिकतात, वर तरंगणारीला बुरशी धरते, ओला चमचा गेला की वास मारतो. बाटली मात्र बिघडली तरी कळेलच असं नाही. मातीतल्या बोट्युलिनम जिवाणूंना हवा नकोच असते. झाकण घट्ट बसलं आणि आतला पदार्थ पुरेसा आंबट नसला की ते वाढतात आणि त्यांचं विष जीव घेऊ शकतं. आंबटपणाची मर्यादा पीएच ४.६ धरतात. आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट. कैरी या रेषेच्या बरीच खाली असते. टोमॅटो मात्र वाणानुसार आणि पिकण्यानुसार साधारण ४.३ ते ४.९, म्हणजे बरोबर रेषेवर. म्हणूनच अमेरिकी कृषी खातं लिटरभर टोमॅटोला अर्धा छोटा चमचा सायट्रिक ॲसिड किंवा दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबूरस घालायला सांगतं. घरचं लिंबू नको, कारण त्याचा आंबटपणा कमी-जास्त असतो. हजार फुटांच्या वर उकळण्याचा वेळही वाढवायला सांगतं. जुन्नरचं पठार दोन हजार फुटांच्या आसपास आहे आणि इथे पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळतं, ही गोष्ट व्हिडिओत कोण सांगणार?

यावर ठरलेला आक्षेप येतो: आमच्या आज्यांनी कधी काही मोजलं नाही, कोणाला काही झालं नाही. खरं आहे. पण आजीने कैरी, लिंबू, मीठ, मोहरी एवढ्यांशीच संसार केला आणि बरणीच्या तोंडाला दादरा बांधला. तिने शिजवलेले मटार झाकण घट्ट लावून फडताळात वर्षभर ठेवले नव्हते. तिचा अंदाज तिच्या पदार्थापुरता पक्का होता. त्याच अंदाजाने तेलात बुडवलेल्या नुसत्या लसणाला सुरक्षित मानणं ही मोठी चूक ठरेल, कारण तेल हवा अडवतं, आंबटपणा देत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. घरात कुकर आहे, त्यात १२१ अंशांच्या जवळपास तापमान मिळतं, मग भाज्या का नाहीत? बोट्युलिनमचे बीजाणू मारायला एवढंच तापमान लागतं हे खरं, पण बाटलीच्या मध्यापर्यंत ते किती वेळ टिकलं यावर सगळं अवलंबून आहे. तपासून ठरवलेल्या वेळा मोठ्या, सावकाश तापणाऱ्या-निवणाऱ्या भांड्यांच्या आहेत. आपला कुकर पटकन तापतो आणि पटकन निवतो, त्यामुळे शिट्ट्या मोजून ती खात्री होत नाही.

पडत्या भावावर हा इलाज आहे का? नाही. घरच्या बाटल्यांनी बाजाराचा भार हलका होत नाही. त्यासाठी कारखाने लागतात. पण घरच्या वर्षाच्या आमटीपुरती प्युरी सुरक्षित राहावी, एवढी अपेक्षा वाजवी आहे, आणि ती पाककृतींच्या पुस्तकांवर सोडता येणार नाही. नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे. हंगामाआधी बचत गटांच्या बायकांना एका दिवसात पीएच मीटर कसं वापरायचं आणि सायट्रिक ॲसिड कसं मोजायचं हे तिथे शिकवता येईल. मीटर घरोघरी नको, गटाला एक पुरे.