टँकमधला मासा मोठा झाला की जातो कुठं?

भूमसारख्या तालुक्याच्या गावातही आता घरोघरी फिश टँक दिसायला लागलेत. हौस आहे, असू द्या. पण टँकमधले मासे बदललेत. आधी गोल्डफिश, मॉली असायचे. आता पोरांना ऑस्कर पाहिजे, फ्लॉवरहॉर्न पाहिजे, त्याहून पुढं म्हणजे मगरीसारख्या तोंडाचा अ‍ॅलिगेटर गार पाहिजे. वरून जिवंत गप्पी सोडायचा, गारनं झडप घालायची आणि त्याची रील टाकायची. फ्लॉवरहॉर्नची तर वेगळीच कथा. माणसानं संकर करून तयार केलेला मासा, त्याच्या कपाळावर टेंगूळ, आणि त्या टेंगळात म्हणे घरमालकाचं नशीब! असो.

माझा मुद्दा रीलचा नाही. दुकानात बोटाएवढा असलेला गार पुरता वाढला की सहा फुटांच्या वर जातो. रेडटेल कॅटफिश चार फुटांपर्यंत सहज जातो. आपला टँक असतो दोन-तीन फुटांचा. मासा विकताना हे कोणी सांगत नाही. वर्षभरात मासा टँकमध्ये वळेना होतो, सोबतचे सगळे खाऊन टाकतो, पाणी रोज घाण होतं, घरची मंडळी वैतागतात. मग मला फोन येतो, "दादा, बाणगंगेच्या धरणात सोडला तर चालंल का? जीव तरी वाचंल." असे फोन मला एकदा नाही, तीनदा आलेत. विचारणारी पोरं वाईट नाहीत. मारायला हात धजत नाही, इतकंच. आणि विहिरीत, डबक्यात मासे सोडणं आपल्याकडं चांगलंच काम समजतात. डेंग्यूच्या दिवसांत आरोग्य खात्याची माणसंच गप्पी सोडत फिरतात.

नाही चालणार. धरणातला मासा फुकटचा नसतो. मच्छीमार संस्था ठेका घेते, पैसे मोजून कटला, रोहू, मृगळाची बोटुकली आणून पाण्यात सोडते आणि ती मोठी व्हायची वाट बघते. बोटुकली म्हणजे शिकारी माशाचा आयता घास. उन्हाळ्यात पाणी आटलं की कटला-रोहू तडफडतात. गार मात्र वर तोंड काढून हवा घेतो आणि तग धरतो. त्याची अंडीसुद्धा विषारी, खाणाऱ्याला बाधतात.

"एका माशानं काय होतंय?" खरं आहे, एकट्या गारची पिल्लं होत नाहीत. पण असा विचार करणारा गावात एकटाच असतो का? २०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला, त्यानंतर चालकुडी नदीत गार आणि अरापैमा सापडले. अरापैमा म्हणजे अ‍ॅमेझॉनचा राक्षसी मासा; तो काही पोहत केरळात आला नव्हता. २०२३ मध्ये भोपाळच्या मोठ्या तलावात आणि श्रीनगरच्या दल सरोवरात गार मिळाला. लांब कशाला, आपल्या उजनीत बघा. टँकची काच साफ करायला आणलेला सकर मासा तिथं जाळ्यात येतो. तो शिकारी नाही, पण त्याचे काटे जाळी फाडतात आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. थाई मांगूर तर बंदी असताना लोकांनी चोरून तळ्यांत वाढवला. तो ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो.

आणि पुराचं आपल्याला वेगळं सांगायला नको. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये भूम-परंड्यात जे झालं ते सगळ्यांनी बघितलंय. शेततळं कुठलं, ओढा कुठला, नदी कुठली, काही कळत नव्हतं. बाणगंगेचं पाणी सीनेला जातं, सीना भीमेला. "आमच्या शेततळ्यातच तर सोडलाय" म्हणणाऱ्याचा मासा असल्या एका रात्रीत कुठल्या कुठं जाईल.

वन्यजीव कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीनं परक्या, घुसखोर प्रजातींच्या व्यापारावर आणि बाळगण्यावर बंधनं घालायचा अधिकार केंद्राला मिळालाय. पण दिल्लीचा कागद भूमच्या दुकानापर्यंत कधी येईल त्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. दुकानदारानं टँकवर दराशेजारी एवढंच लिहावं, 'हा मासा पूर्ण वाढल्यावर एवढ्या फुटांचा होतो.' आणि गिऱ्हाईकाला झेपेनासा झाला तर परत घ्यावा, अर्ध्या किमतीत का होईना. विकताना कमावता, तर परतीची जबाबदारीही घ्या की.

ज्यांच्याकडं आत्ताच असा मासा आहे त्यांनी मोठा हौद असलेला माणूस शोधावा. बार्शीत, सोलापुरात, पुण्यात हौशी लोक आहेत. कोणीच घेईना तर जनावरांच्या डॉक्टरला विचारून तो मारावा. हे लिहिल्यावर मला शिव्या पडतील, माहीत आहे. तरी धरणात सोडण्यापेक्षा ते बरं. एका माशावर दया करायची आणि भोयाच्या घरची वर्षाची कमाई त्याच्या तोंडी द्यायची, ही कसली दया?

भूम, परंडा, वाशीतला कोणी दुकानदार असे मासे परत घ्यायला तयार असेल तर कमेंटमध्ये सांगा. दुकानाचं नाव, पत्ता पुढच्या पोस्टमध्ये टाकतो, जाहिरातीचे पैसे घेणार नाही.