चित्रात न दिसणारी काडी



गेल्या भाद्रपदात एका स्नेह्याने मला आपली मॅक्रो लेन्स चार दिवसांसाठी वापरायला दिली. उसनी वस्तू, तेव्हा जपून हाताळायची आणि वेळेवर परत करायची. ती कॅमेऱ्याला लावून मी परसातल्या कागदी लिंबाच्या झाडापाशी बसलो.

या लेन्सचे वैशिष्ट्य असे, की वस्तूची प्रतिमा कॅमेऱ्यातील संवेदकावर वस्तूच्या आकाराइतकीच मोठी पाडता येते. संवेदक ३६ मिमी रुंद असेल, तर १२ मिमी लांबीचा किडा चित्राची एक तृतीयांश रुंदी व्यापतो. मात्र एवढ्या जवळून, छिद्र एफ/८ ठेवले तरी, जेमतेम १ मिमी खोलीचा भागच स्पष्ट येतो. डोके स्पष्ट, तर पाय धूसर. वाऱ्याची झुळूक आली की सारेच धूसर. छिद्र आणखी लहान केले, तर प्रकाश अपुरा पडतो. पहिल्या दिवशी चाळीसपैकी दोनच चित्रे बरी आली.

झाडावर पॅपिलिओ डेमोलियस या फुलपाखराच्या अळ्या होत्या. तुमच्याकडे लिंबू, कढीलिंब किंवा बेल असेल, तर तुम्हीही त्या पाहिल्या असतील. लहान असताना ही अळी थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते; शेवटच्या अवस्थेत पानासारखी हिरवी होते. तिला डिवचले, की डोक्यामागून एक दुभंगलेले नारिंगी शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. मुंग्या, कोळी अशा शत्रूंना परतवण्याचे ते साधन आहे.

मला त्या शिंगाचे चित्र हवे होते. मी गवताची काडी घेऊन अळीला डिवचले. चित्र हलले. पुन्हा डिवचले. सहाव्या-सातव्या वेळी मनासारखे चित्र मिळाले. मोठ्या आनंदाने ते शेजारच्या आठवीतल्या मुलाला दाखवले. त्याने विचारले, "काका, हिच्यावर कोणी हल्ला केला होता?"

हल्ला मी केला होता. पण काडी चित्रात कुठेच नव्हती.

म्हणून माझे मत असे, की निसर्गाचे छायाचित्र हा एक पुरावा असतो, आणि तो कसा मिळवला हे सांगितल्याशिवाय तो पुरा होत नाही. माझे चित्र पाहणाऱ्याला वाटेल, की ही अळी शिंग उभारूनच बसते. किडा हलू नये म्हणून काही जण त्याला शीतपेटीत ठेवून गारठवतात आणि मग पानावर मांडून चित्र घेतात. ते चित्र सुरेख दिसते, पण किडा तिथे तसा बसला नव्हता.

कोणी म्हणेल, डिवचल्याशिवाय शिंग कळणार कसे? आक्षेप रास्त आहे. प्रयोग करणे गैर नाही; प्रयोग लपवणे गैर आहे. मात्र एकदा डिवचून जे कळते, त्यासाठी सात वेळा डिवचू नये. ते शिकणे नव्हे, तो माझा हव्यास होता.

तेव्हा चित्राबरोबर एक वही ठेवा. तारीख, वेळ, झाड, प्राणी काय करत होता आणि *आपण काय केले*, एवढे लिहा. शिक्षकांनाही विनंती, की शाळेच्या प्रदर्शनात अशा नोंदीवाचून चित्र लावू नये. महागडी लेन्स नसली तरी अडत नाही. दसपट भिंग मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे धरून पाहा. पुष्कळ काही दिसेल.

चौथ्या दिवशी काडी न घेता मी पाऊण तास बसलो. एक मुंगी अळीच्या पाठीवर चढली. शिंग बाहेर आले, मुंगी मागे वळली आणि शिंग आत गेले. लेन्स रोखेपर्यंत सारे संपले होते. चित्र मिळाले नाही. पण वहीत सकाळी ७ वाजून ५० मिनिटांची नोंद आहे, आणि माझ्या सात वेळा डिवचून काढलेल्या चित्रापेक्षा मला ती अधिक मोलाची वाटते. लेन्स त्याच संध्याकाळी परत केली.

तुमच्या अंगणातल्या झाडापाशी असे बसून पाहा. काय दिसले ते लिहा, आणि तुम्ही काय केले तेही लिहा.