नंबर आपला, खातं कुणाचं?

ऑगस्ट २०२५ च्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूर जिल्ह्यात मोबाइलच्या दुकानांपुढं माणसं एकाच कामासाठी थांबलेली होती. नांदणी मठाची महादेवी हत्तीण, सगळ्यांची 'माधुरी', न्यायालयाच्या आदेशानं गुजरातेतल्या 'वनतारा' या प्राणी केंद्रात गेली होती. ती परत यावी म्हणून ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरपर्यंत हजारोंची पदयात्रा निघाली. आणि 'वनतारा'मागं जो उद्योगसमूह आहे, त्याच समूहाच्या जिओचं सिम लोकांनी बदलायला घेतलं.

हत्तिणीच्या बाबतीत न्यायालयाचं बरोबर की मठाचं, यावर मतं वेगळी आहेत आणि आजचा विषय तो नाही. मला त्या सिम बदलण्याविषयी बोलायचं आहे. १९०० या क्रमांकावर 'पोर्ट' असा मेसेज पाठवायचा, कोड येतो, तो नव्या कंपनीला द्यायचा. काही दिवसांत कंपनी बदलते, नंबर मात्र तोच राहतो. बँकेला कळवायला नको, पाहुण्यांना कळवायला नको, दूध संस्थेच्या सेक्रेटरीला कळवायला नको. इतक्या सोप्या वाटेनं सामान्य माणूस देशातल्या सर्वांत मोठ्या मोबाइल कंपनीला आपली नाराजी दाखवू शकला.

हा हक्क कोणत्याही कंपनीनं आपण होऊन दिलेला नाही. दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या नियमांनी तो २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झाला. त्याआधी कंपनी सोडायची म्हणजे नंबर सोडायचा, आणि नंबर सोडायचा म्हणजे वर्षानुवर्षांच्या ओळखी नव्यानं जोडायच्या. म्हणून माणसं वाईट सेवा सोसत बसायची.

आता याच आंदोलनाची दुसरी बाजू पाहा. पदयात्रेचे रील्स इन्स्टाग्रामवर फिरले, निरोप व्हॉट्सॲपवर गेले, चर्चा फेसबुकवर झाली. तिन्ही एकाच कंपनीची, मेटाची. उद्या कोल्हापूरकरांना या कंपनीचा राग आला, तर काय 'पोर्ट' करणार? तिथं १९०० नंबर नाही. खातं सोडलं की ओळखीची माणसं, जुने फोटो, गिऱ्हाईक, मंडळाचं पान, सगळं तिथंच राहतं. दहा वर्षं आपण त्या घरात राहिलो, पण उंबऱ्याबाहेर पडताना हातात काहीच नाही.

विकेंद्रित समाजमाध्यमं म्हणतात ती याच दुखण्यावरचा इलाज म्हणून पुढं आली आहेत. शब्द अवघड वाटतो, कल्पना आपल्या जिल्ह्याला पाठ आहे. विकेंद्रीकरण म्हणजे काय हे महाराष्ट्र १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या तेव्हापासून ऐकतो आहे. आणि कोल्हापूर ते रोज पहाटे जगतं.

आपल्या गावातली दूध संस्था आठवा. तिचं संचालक मंडळ वेगळं, दप्तर वेगळं, सेक्रेटरी वेगळा. पण संकलन झालं की दूध कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाकडं, म्हणजे १९६३ साली स्थापन झालेल्या गोकुळकडं जातं. एकाच गावात दोन-तीन संस्था असतात. एका चेअरमनशी पटलं नाही, तर माणूस दुसऱ्या संस्थेत दूध घालतो. त्यासाठी म्हैस विकावी लागत नाही, की गाव सोडावं लागत नाही.

मॅस्टोडॉन हे जाळं अगदी असंच चालतं. जर्मनीतल्या यूजीन रोचको यांनी ते २०१६ साली सुरू केलं. तिथं एक कंपनी, एक मालक असं नाही. हजारो छोटे सर्व्हर आहेत. कुणी विद्यापीठ चालवतं, कुणी पत्रकारांचा गट, कुणी एखादा हौशी माणूस. तुम्ही एका सर्व्हरवर खातं उघडता, पण बोलता सगळ्यांशी. जिओवरून बीएसएनएलला फोन लागतो ना, तसंच. हे सर्व्हर एकमेकांशी ज्या सामाईक भाषेत बोलतात तिचं नाव ॲक्टिव्हिटीपब. वेबचे नियम ठरवणाऱ्या 'डब्ल्यू३सी' या संस्थेनं तिला जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. ब्लूस्काय हे दुसरं मोठं जाळं. त्याची यंत्रणा वेगळी, पण वचन तेच: खातं तुमचं, ते घेऊन निघता येईल.

या वचनाची किंमत ज्यांनी गमावलंय त्यांना कळते. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झालं. फोटो उतरवून घेता आले, माणसांची जोडणी गेली. २०२० साली आलेल्या 'कू' या देशी समाजमाध्यमावर मराठीत लिहिता यायचं, मंत्री आणि सरकारी खाती तिथं हौसेनं गेली. जुलै २०२४ मध्ये 'कू'नं दुकान बंद केल्याचं जाहीर केलं. देशी कंपनी असली म्हणून खातं आपलं होत नाही, हा धडा 'कू'नं दिला. मालक परदेशी की देशी, हा प्रश्न दुय्यम आहे. निघायला वाट आहे का, हा खरा प्रश्न आहे.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मग उद्याच सगळ्यांनी उठून जावं. पण सहकाराच्या जिल्ह्यात राहणाऱ्यानं सहकाराच्या दुखण्यांकडं डोळेझाक करू नये. या जाळ्यांनाही तीच दुखणी आहेत.

पहिलं दुखणं रिकाम्या घराचं. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरनं बंद केलं, तेव्हा हजारो भारतीय निषेध म्हणून मॅस्टोडॉनवर गेले. बहुतेक परत आले. २०२२ च्या ऑक्टोबरात इलॉन मस्क यांनी ट्विटर घेतलं, तेव्हा जगभरातून पुन्हा लोंढा आला. महिन्याला वापरणाऱ्यांची संख्या २५ लाखांपर्यंत गेली आणि मग ओसरली. कारण साधं आहे. बाजार जिथं भरतो तिथंच माणूस पिशवी घेऊन जातो. तालमीचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप जिथं आहे, तिथून एकट्यानं उठून जाणं म्हणजे स्वतःच बोलणं बंद करून घेणं.

दुसरं दुखणं पैशाचं आणि कष्टाचं. सर्व्हरला वीज लागते, जागा लागते, रात्री दोन वाजता बिघाड झाला तर उठणारा माणूस लागतो. जाहिराती नाहीत, म्हणजे वर्गणी आली. 'मॅस्टोडॉन डॉट लोल' हा हजारो सभासदांचा सर्व्हर २०२३ साली बंद झाला, कारण चालवणारा एकटा माणूस शिव्या आणि त्रास सोसून थकला. सभासदांना दुसरीकडं जाता आलं, अनुयायीही सोबत नेता आले, पण जुनं लेखन नेता आलं नाही. मॅस्टोडॉनची ही उणीव आहे. ब्लूस्कायवर लेखनही हलवता येतं, पण तिथली बहुतेक खाती अजून त्या एकाच कंपनीच्या सर्व्हरवर आहेत. वाट आहे, वर्दळ नाही.

तिसरं दुखणं सगळ्यांत नाजूक: जबाबदारी कुणाची? ७ जून २०२३ हा दिवस कोल्हापूर विसरलेलं नाही. काही तरुणांच्या मोबाइलवरच्या स्टेटसवरून शहर बंद झालं, दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि शेवटी इंटरनेटच बंद करावं लागलं. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपनीला भारतात राहणारा तक्रार अधिकारी आणि पोलिसांशी चोवीस तास संपर्क ठेवणारा अधिकारी नेमावा लागतो. छोट्या सर्व्हरवर एवढा भार नाही. मग अशा रात्री एखाद्या कॉलेजातल्या मुलानं हौसेनं चालवलेल्या सर्व्हरवर विष पसरलं, तर फोन कोण उचलणार?

विकेंद्रित जाळ्याकडं यावर एक उत्तर आहे. नासकं दूध आलं की संघ कॅन परत पाठवतो. २०१९ साली 'गॅब' हे द्वेषासाठी बदनाम झालेलं अमेरिकी माध्यम मॅस्टोडॉनची यंत्रणा उचलून त्या जाळ्यात शिरलं, तेव्हा असंख्य सर्व्हरांनी त्याच्याशी संबंध तोडले. कुणाच्या आदेशाची वाट पाहिली नाही. शिवाय गावातल्या माणसाला गावची भाषा कळते. कोणता शब्द पेठेत थट्टेचा आणि कोणता आग लावणारा, हे कॅलिफोर्नियातल्या यंत्राला कळत नाही, राजारामपुरीतल्या माणसाला कळतं. पण त्याच माणसाच्या दारात नगरसेवक येतो, मंडळाचे कार्यकर्ते येतात, भावकी येते. दूध संस्थेच्या निवडणुकीत गावचं राजकारण जसं शिरतं, तसं ते सर्व्हरवरही शिरेल. जवळचा माणूस जाणता असतो, आणि त्याच्यावर दबावही लवकर येतो. एकट्यावर हे काम सोडून चालणार नाही. त्याला नियम, मंडळ आणि दप्तर हवं. सहकारानं शिकवलेलं हे शहाणपण इथं कामी येणारं आहे. सभासद जागा राहिला तर संस्था टिकते, तो झोपला की चार संचालक ती वाटून घेतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सामान्य माणसानं आज फेसबुक सोडावं, असं मी म्हणणार नाही. सुरुवात सरकारनं आणि सार्वजनिक संस्थांनी करायला हवी, आणि दोन गोष्टींनी.

पहिली गोष्ट कायद्याची. मोबाइल नंबर नेण्याचा हक्क मिळाला, तसा समाजमाध्यमावरचं खातं आणि ओळखी नेण्याचा हक्क हवा. युरोपीय संघाच्या डिजिटल बाजार कायद्यानं व्हॉट्सॲपसारख्या मोठ्या सेवांना इतर ॲपशी जोडणी देण्याचं बंधन घातलं आहे. आपल्याकडं फोनच्या बाबतीत हे काम आधीच झालेलं आहे. तोच न्याय खात्याला लावायचा आहे.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या हातातली आहे. जुलै-ऑगस्ट आला की सगळं कोल्हापूर एकच आकडा शोधतं: राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ साली हा आकडा ५५ फुटांच्या वर गेला. हा जिवाचा आकडा समाजमाध्यमांवरही फिरतो, आणि तिथं कोणती पोस्ट कुणाला कधी दाखवायची हे कंपनीचं यंत्र ठरवतं. कालची ३८ फुटांची पोस्ट आज सकाळी वर येते आणि आजची ४२ फुटांची दिसतच नाही. ज्याचं खातं नाही, त्याच्यापुढं तर दार अर्धवटच उघडतं.

जर्मनीच्या केंद्रीय कार्यालयांसाठी स्वतःचा मॅस्टोडॉन सर्व्हर आहे, नेदरलँड्स सरकारनंही उभारला आहे. पोस्ट तिथं काळाच्या क्रमानं दिसतात आणि खातं नसलेल्यालाही वाचता येतात. अडचणी तिथंही आल्या. युरोपीय संस्थांसाठीचा 'ईयू व्हॉइस' हा प्रयोग पुढं चालवायला कुणी न मिळाल्यानं मे २०२४ मध्ये बंद झाला. म्हणून सर्व्हर नुसता उभारून भागत नाही, त्याला कायमचा धनी आणि अंदाजपत्रकात कायमची तरतूद लागते.

जिल्हा प्रशासन, महापालिका आणि शिवाजी विद्यापीठ यांनी मिळून कोल्हापूरचा असा एक सर्व्हर उभारावा. पहिलं खातं पंचगंगेच्या पातळीचं असू दे. फेसबुक, व्हॉट्सॲपवरही तो आकडा जरूर टाका, पण मूळ नोंद आपल्या दप्तरात राहू दे. येत्या पावसाळ्याआधी हे होऊ शकतं. नदी आपली आहे, तिच्या पाण्याचा आकडाही आपल्याच हातात असला पाहिजे.