नावे झाकणारी दुरुस्ती आणि आपली लढाई

निलंगा तालुक्यातील एका गावात आमच्या एका मायमाउलीचे घरकुल तीन वर्षे अडकले होते. विचारायला गेले की ‘यादीत नाव नाही’ एवढेच उत्तर. आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दारिद्र्यरेषेखालील असल्याने फीसुद्धा लागली नाही. यादी हातात आली आणि कळले, की पक्की घरे असलेल्यांची नावे तिच्यावर होती!

आज तोच अर्ज केला तर? ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ असे सांगून तो फेटाळला जाऊ शकतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 44(3) ने माहिती अधिकार कायद्याचे कलम 8(1)(ञ) बदलले. नोव्हेंबर 2025 पासून हा बदल लागू झाला. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर विनाकारण आक्रमण करणारी माहितीच नाकारता येत होती. जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती सामान्य माणसालाही नाकारता येणार नाही, अशी हमी होती. ही सगळी कुंपणे उखडली. उरला फक्त ‘वैयक्तिक माहिती’ हा शब्द.

खासगीपणा आपल्यालाही हवा आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मूलभूत हक्क मानला, त्याचे स्वागतच आहे. पण गरिबाची जात-आजार झाकणे वेगळे आणि सरकारी पैसा कोणी खाल्ला ते झाकणे वेगळे. जुन्या कलमात हा फरक होता.

या दुरुस्तीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाल्या आहेत. असा प्रसंग पहिला नाही. 2002 मध्ये न्यायालयाने उमेदवारांचे गुन्हे व मालमत्ता मतदारांना कळली पाहिजे असे सांगितले. सर्वपक्षीय राज्यकर्त्यांनी कायदा करून तो निकाल बोथट केला. 2003 मध्ये न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. मतदाराचा जाणण्याचा हक्क कलम 19(1)(अ) मधून येतो, तो कोणाची मेहेरबानी नव्हे.

पण दिल्लीकडे डोळे लावून बसू नका. कलम 8(2) अजून जिवंत आहे. जनहित मोठे असेल तर माहिती द्यावी असे ते सांगते. अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने स्वतःहून जाहीर करावा, हे कलम 4(1)(ब) मधील बंधनही कायम आहे. अर्जात ही कलमे लिहा. नकार लेखी घ्या. पहिले अपील 30 दिवसांत, दुसरे 90 दिवसांत करा. तोंडी नकार घेऊन औरंगाबाद खंडपीठात उभे राहता येत नाही. गावोगावचे लेखी नकार हाच उद्याच्या न्यायालयीन लढाईचा पुरावा आहे.

बाबासाहेबांनी घटनात्मक उपायांच्या कलम 32 ला घटनेचा आत्मा मानले. हक्क कागदावर असून भागत नाही, तो मागायला दार हवे, हे त्यांनी ओळखले होते. ते दार ठोठावायचे काम आपलेच आहे.

जय भीम!