रोजची ॲस्पिरिन : जमा किती, खर्च किती?

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या वा स्टेंट बसविलेल्या रुग्णांत ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन रक्ताच्या गुठळीचा धोका कमी करते. ही जमेची बाजू. जठरात, क्वचित मेंदूत होणारा रक्तस्राव ही खर्चाची. मुख्यतः सत्तरीपुढील निरोगी व्यक्तींवरील ‘ॲस्प्री’ अभ्यासात (२०१८) रोज १०० मिलिग्रॅम देऊनही हृदयविकार लक्षणीय घटला नाही. रक्तस्राव मात्र वाढला. म्हणून दुसऱ्याचे पाहून ही गोळी सुरू करू नये. त्याचप्रमाणे, स्टेंट असलेल्यांनी पर्युषणातील उपवासासाठी ती परस्पर बंदही करू नये. अचानक खंड पडल्यास गुठळीचा धोका वाढतो. अठ्ठाईचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे. शौचास काळे झाल्यास मात्र तत्काळ दवाखाना गाठावा.